आज शूट नाही, पेरी मेसन आहे

सकाळी ६
शूट नसलं तरी डोळा पावणेसहालाच उघडतो. इतक्या वर्षांच्या कॉल टाइमची ही देणगी. मी टीव्ही मालिकांच्या सेटवर कंटिन्युटी बघते. म्हणजे नेमकं काय करते, हे घरच्यांनाही अजून नीट ठाऊक नाही. सासूबाई ओळखीच्यांना सांगतात, "ती शूटिंगमध्ये लिहायला असते." तसं चुकीचं नाही. कप कोणत्या हातात होता, पदर कसा घेतला होता, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, ते लिहायचं, फोटो काढून ठेवायचे आणि चार दिवसांनी त्याच सीनचा उरलेला भाग लागला की सगळं होतं तसं उभं करायचं. शनिवारी या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींची कार्यशाळा आहे. त्यासाठी आजचा अख्खा दिवस 'पेरी मेसन'च्या चुका काढायच्या.

आपल्याच मालिकांच्या चुका का नाही? कारण ज्याची चूक दाखवली तोच दिग्दर्शक सोमवारी समोर बसलेला असतो. आणि दुसरं कारण जास्त खरं आहे. बचावाचा वकील पेरी मेसनची ही मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर १९५७ ते मे १९६६ अशी नऊ सीझन चालली, तिचे २७१ भाग झाले. मूळ लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील. १९११ मध्ये सनद घेऊन कॅलिफोर्नियात वकिली केलेला. निर्माती गेल पॅट्रिक जॅक्सन आधी नटी, पण त्याहीआधी कायदा शिकायला गेलेली. संहिता गार्डनरच्या नजरेखालून जायची. इतका बंदोबस्त असूनही चुका झाल्या, म्हणून त्या बघण्यासारख्या.

सकाळी ७
रजिस्टरमध्ये तीन रकाने आखले. पहिला हाताच्या चुकांचा, दुसरा कायद्याच्या चुकांचा. तिसऱ्याला तूर्त नाव नाही.

आधी गणित. पहिला सीझन ३९ भागांचा. एका भागाला साधारण सहा दिवसांचं शूट. म्हणजे २३४ दिवस. आठवड्याला सहा दिवस काम धरलं तर ३९ आठवडे. वर्षाचे उरले तेरा, त्यातच सुट्ट्या, आजारपणं आणि पुढची तयारी. रोजच्या रोज भाग काढणाऱ्या आमच्या मुलांना सहा दिवस म्हणजे चैन वाटेल. पण तो भाग पन्नासेक मिनिटांचा असायचा, फिल्मवर आणि एका कॅमेऱ्यानं घेतलेला. मेसनचं काम करणारा रेमंड बर आठवडाभर स्टुडिओच्या आवारातच राहायचा आणि पहाटे साडेतीन-चारला उठून त्या दिवसाचे संवाद पाठ करायचा. उलटतपासणी सगळी त्याच्याच तोंडी, त्यामुळे दिवसाला पानंच्या पानं. चुकांची यादी वाचताना मुलांनी हे वेळापत्रक शेजारी ठेवलं पाहिजे, नाहीतर ती नुसती हसतील.

सकाळी ८.३०
पहिला रकाना. सिगारेट हा आमच्या धंद्याचा जुना शत्रू आहे, आणि त्या काळात सगळेच ओढायचे: वकील, अशील, पोलीस, खुनी.

समजा, मेसनच्या ऑफिसातला सीन आहे. अशील बाई टेबलापलीकडे बसली आहे, हातात नुकती पेटवलेली सिगारेट. आधी दोघांना घेऊन पूर्ण सीन होतो. मग कॅमेरा मेसनवर जातो आणि त्याचे सगळे क्लोजअप उरकले जातात, कारण एका बाजूचं लायटिंग झालं की त्या बाजूचं सगळं संपवूनच पलटायचं असतं. मग लाइट उचलायचे, पलीकडे लावायचे, आणि तासाभरानं बाईची पाळी. आता तिच्या हातात नवी सिगारेट. ती किती जळलेली हवी? मेसन 'त्या रात्री तुम्ही कुठे होता' म्हणाला तेव्हा राख किती होती? हे शब्दापुढे लिहून ठेवलेलं नसेल, तर एडिटिंग टेबलावर दोन वाक्यांत सिगारेट एक इंच कमी होते आणि तिसऱ्या वाक्याला परत वाढते.

नवी मुलं इथेच फसतात. ती वस्तू लिहितात: सिगारेट, उजवा हात. वस्तू लिहून भागत नाही, वस्तू कोणत्या शब्दाला हलली ते लिहायचं. 'कुठे' या शब्दाला हात उचलला, 'होता'ला ओठांशी नेला. पाण्याचा जग, वकिलाच्या टेबलावरच्या फाइली, चष्मा काढणं-घालणं, सगळ्याला हाच नियम.

आणि एवढं लिहूनही चूक राहतेच, कारण शेवटी एडिटर चांगला अभिनय असलेला टेक निवडतो, जुळणाऱ्या सिगारेटचा नाही. तो बरोबरच करतो. माझ्या मते कंटिन्युटीवाल्यानं यावर रुसू नये. 'टेक तीनमध्ये हात जुळत नाही' एवढं कागदावर असावं आणि पुढचा निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा.

सकाळी १०
चहा, आणि भागांच्या क्रमाचा घोळ. मालिकेचा पायलट होता 'मॉथ-ईटन मिंक'. तो १९५६ मध्ये चित्रित झाला, पण दाखवला गेला १४ डिसेंबर १९५७ला, तेराव्या क्रमांकावर. ओळीनं बघणाऱ्याला बारा भाग सरावलेलं जग एका आठवड्यापुरतं थोडं वेगळं दिसतं आणि पुढच्या शनिवारी परत ताळ्यावर येतं. त्यात सेटवर कोणाचीच चूक नाही. गोष्टी सुट्या असल्या की वाहिनी भाग मागेपुढे करते. आमच्या रोजच्या मालिकेत असं करता येत नाही, तिथे काल लागलेली हळद आज दिसलीच पाहिजे.

चेहऱ्यांचा घोळ याहून मजेदार. कोर्टात प्रेक्षकांच्या बाकांवर ठरावीक ज्युनिअर आर्टिस्ट मंडळी भागामागून भाग बसलेली दिसतात. शहरातल्या प्रत्येक खुनाच्या सुनावणीला हजर राहणारे हे लोक पोटापाण्याला काय करतात, असा प्रश्न पडावा. आणि खरा कळस पोलिसांचा. १९६१ मध्ये वेस्ली लाऊ हा नट एका भागात खुनाचा आरोपी झाला; थोड्याच आठवड्यांत तोच लेफ्टनंट अँडरसन म्हणून तपासाला हजर. तो मालिकेतून गेल्यावर १९६५ मध्ये रिचर्ड अँडरसन लेफ्टनंट ड्रम झाला, आणि हाही आदल्याच वर्षी मेसनचा अशील, खुनाचा आरोपी होता. मेसननं ज्याला सोडवावं त्यानं पोलिसात भरती व्हावं, असा लॉस एंजेलिसात नियमच असावा. व्हिडिओ कॅसेट घरोघरी नव्हत्या त्या काळी हे खपून जायचं. दर आठवड्याला एकदा बघायचं, पुन्हा लागलंच तर उन्हाळ्यात. आज ओळीनं दहा भाग बघणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही, पण मालिका त्या नजरेसाठी केलेलीच नव्हती.

सकाळी ११.४५
दुसऱ्या रकान्यासाठी शेजारच्या वकीलकाकांकडे. काकांनी ऐंशी ओलांडली आहे. ठाण्याच्या सेशन कोर्टात हयात गेली, आणि गार्डनरच्या कादंबऱ्या फाउंटनच्या फुटपाथवरून घेऊन लोकलमध्ये वाचलेल्या. मी घरून यादी करून नेली होती. पहिलाच मुद्दा मला पक्का वाटत होता: खुनाचा खटला आणि ज्युरीच नाही. अमेरिकेत असं कसं?

काका हसले. "अगं, हा खटला नाहीच मुळी. ही प्रिलिमिनरी हिअरिंग. आमच्या वेळी इथेही होतं तसंच. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या कोडात मॅजिस्ट्रेट आधी कमिटल इन्क्वायरी करायचा, काही साक्षीदारही तपासायचा, आणि केस सेशन कमिट करायची का ते ठरवायचा. त्र्याहत्तरच्या कोडानं ती चौकशी काढून टाकली."

"म्हणजे काका, तिथे ज्युरी नसतेच?"

"मॅजिस्ट्रेटसमोर ज्युरी कशाला? ती पुढे, मोठ्या कोर्टात."

आपण चूक म्हणून लिहिलेलं बरोबर निघालं की मला आनंदच होतो. यादी स्वच्छ होते. मालिकेचे बहुतेक 'खटले' म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली ही प्राथमिक सुनावणीच आहे. काही भागांत पूर्ण खटला आणि ज्युरी दिसते, पण ते कमी. यात निर्मात्यांचा हिशेबही होता. ज्युरी घेतली की बारा माणसं बसवायची, त्यांचे पैसे द्यायचे, आणि ती बाराच्या बारा दर कोनातून जुळवायची. माझ्यासारखीचे प्राण वाचवणारा निर्णय.

मग काकांनी खरी चूक दाखवली. प्राथमिक सुनावणीत सरकारी वकिलाला गुन्हा सिद्ध करायचा नसतोच. प्रथमदर्शनी केस आहे, आरोपीला पुढे पाठवण्याइतकं कारण आहे, एवढं दाखवलं की झालं. त्यामुळे शहाणा बचावाचा वकील तिथे आपले पत्ते उघडत नाही. साक्षीदार काय बोलतात ते ऐकून घेतो, टिपून ठेवतो, आणि लढाई पुढच्या कोर्टात लढतो. मेसन मात्र दर वेळी सगळी शस्त्रं तिथेच काढतो आणि जिंकतो. "असा वकील मी कामाला ठेवला नसता," काका म्हणाले, आणि लगेच, "पण त्याला पाहायला कोर्टात जाऊन बसलो असतो."

मेसनसमोरचा सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर दर आठवड्याला हरतो म्हणून त्याची कीव करतात, तीही थोडी अस्थानी आहे. मॅजिस्ट्रेटनं आरोपीला सोडलं तर तो डिस्चार्ज. ती निर्दोष मुक्तता नाही. नवा पुरावा मिळाला तर सरकारला पुन्हा येता येतं. बर्गरच्या बाबतीत खटकावं असं वेगळंच आहे. तो डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे लोकांनी निवडून दिलेला, एवढ्या अवाढव्य काउंटीचा मुख्य सरकारी वकील, हाताखाली सहायकांची फौज. आणि हा स्वतः दर आठवड्याला मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात उभा. त्याचं ते 'इन्कॉम्पिटंट, इर्रेलेव्हंट अँड इम्मटीरियल' मात्र खरं. मुलांना तो तकियाकलाम वाटतो, पण तिथल्या कोर्टात हरकत घेताना हे तीन शब्द खरोखर एका दमात म्हणत.

जजच्या हातोड्याचंही विचारलं. तिथे चालतो, म्हणाले. "इथे मात्र आयुष्यात एकही जज हातोडा आपटताना पाहिला नाही, आणि तुमच्या मालिकांत प्रत्येक जण आपटतो." यावर मी गप्प राहिले. गेल्या महिन्यात आमच्या कोर्टाच्या सेटवरचा हातोडा डावीकडे होता की उजवीकडे, हे मीच लिहून ठेवलं होतं.

दुपारी १.१५
जेवण. आमटी गरम करेपर्यंत यादीतले तीन मुद्दे खोडले.

दुपारी २
आता मालिकेची सगळ्यात प्रसिद्ध चूक: बाकावर बसलेला खुनी उठून कबुली देतो.

खुनी अशी कबुली देत नाही, हे सगळेच म्हणतात. मला त्याहून आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तो तिथे बसलाच कसा? कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत १८७२ पासूनची तरतूद आहे की एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना ज्यांची साक्ष व्हायची आहे त्यांना मॅजिस्ट्रेट बाहेर ठेवू शकतो. उघड आहे, नाहीतर दुसरा पहिल्याचं ऐकून आपलं बेतून घेईल. मालिकेत मात्र विधवा, भागीदार, पुतण्या, सेक्रेटरी, सगळे एका रांगेत बसून एकमेकांच्या साक्षी ऐकतात, दर उत्तराला चेहरे करतात, आणि कॅमेरा ते टिपतो.

त्याच संहितेत याहून मोठी गंमत होती. १९८२ मध्ये बदल होईपर्यंत, आरोपीनं मागणी केली तर प्राथमिक सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागे. पुढच्या ज्युरीचं मन वर्तमानपत्रांनी कलुषित होऊ नये, म्हणून. म्हणजे मेसननं अशिलाच्या वतीनं एक वाक्य उच्चारलं असतं तर बाक रिकामे झाले असते. बचावाचे वकील हा हक्क वापरत, आणि नऊ वर्षं हाच एक माणूस त्याच्या वाटेला गेला नाही. त्याला बाक भरलेले हवे होते, कारण त्याचा खुनी तिथेच बसायचा. कायद्याच्या दृष्टीनं ही गफलत, पटकथेच्या दृष्टीनं पूर्ण हिशेब.

गार्डनरला हे कळत नव्हतं असं कोणी समजू नये. १९४८ मध्ये त्यानं आर्गोसी मासिकाच्या साथीनं 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' नावाचा उपक्रम सुरू केला होता. चुकीनं शिक्षा झालेल्या कैद्यांची प्रकरणं तज्ज्ञांकडून पुन्हा तपासायची. चुकलेला निवाडा फिरवायला किती वर्षं आणि किती कागद लागतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण शनिवारी रात्री साडेसातला, जाहिरातींसकट तासाभरात, ते दाखवता येत नाही. हरलेला मेसनही मालिकेत अगदी क्वचित सापडतो: १९५८ मध्ये 'टेरिफाइड टायपिस्ट'ला, आणि १९६३ मध्ये दोनदा. त्यातल्या 'डेडली व्हर्डिक्ट'मध्ये अशिलाला चक्क गॅस चेंबरची शिक्षा होते आणि मग तिला वाचवण्याची धावपळ.

पोलीस चौकशीतल्या हक्कांबद्दलही मुलं विचारतील. लेफ्टनंट ट्रॅग कोणालाही 'तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे' म्हणत नाही, ही चूक? नाही. ही सूचना बंधनकारक करणाऱ्या मिरांडा खटल्याचा निकाल १३ जून १९६६चा, आणि मालिकेचा शेवटचा भाग २२ मेचा. तीन आठवड्यांनी हुकलं. हे वाक्य पाटीवर मोठं लिहिणार आहे: चूक काढण्याआधी तारीख बघा.

दुपारी ४
जुन्या पुनःप्रक्षेपणांबद्दलच्या टिपा. इथे 'कथेत भोक आहे' अशा तक्रारींचा निकाल लागतो. मूळ भाग पन्नास मिनिटांहून मोठे. पुढे स्थानिक वाहिन्यांवर लागले तेव्हा जाहिरातींना जागा करायला त्यांतली मिनिटं कापली. खुनाच्या गोष्टीतून तीन मिनिटं काढली की नेमका पुराव्याचा हातमोजा जातो, आणि शेवटी मेसन तो खिशातून काढतो तेव्हा बघणारा म्हणतो, हा आला कुठून? डीव्हीडीवर पूर्ण भाग आले आणि अशा बऱ्याच चुका आपोआप मिटल्या. रजिस्टरमध्ये यांच्यापुढे फक्त 'कात्री' लिहिलं.

संध्याकाळी ५.१५
तिसरा रकाना. याला अजून नाव सुचलेलं नाही, पण तो भरतो मात्र भराभर.

१९६० मध्ये बर्गर काही काळ नाहीसा होतो. वेगवेगळे सहायक सरकारी वकील उभे राहतात, आणि साहेब कुठे गेले याचं धड उत्तर मालिका देत नाही. झालं होतं असं: बर्गरचं काम करणारा विल्यम टॅलमन मार्चमध्ये एका पार्टीवर पडलेल्या छाप्यात पकडला गेला आणि सीबीएसनं त्याचा करार मोडला. न्यायाधीशानं जूनमध्ये आरोप काढून टाकले. तरी वाहिनी हलेना. मग रेमंड बर आणि गेल पॅट्रिक त्याच्या बाजूनं उभे राहिले, प्रेक्षकांच्या पत्रांचा मारा झाला, आणि वर्षअखेरीला टॅलमन परत आला. पडद्यावर आरोपीला सोडवणारा मेसन बघणारे लोक सरकारी वकिलाला सोडवायला पत्रं लिहीत होते.

१९६३च्या सुरुवातीला मेसनच चार भाग जवळजवळ नाही. बरची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून मेसनलाही इस्पितळात घातलं आणि पाहुणे वकील आणले. बेटी डेव्हिस, मायकल रेनी, ह्यू ओब्रायन, वॉल्टर पिजन. मालिका चाललीच पाहिजे. आमच्याकडे अशा वेळी पात्राला गावी पाठवतात.

आणि रे कॉलिन्स. लेफ्टनंट ट्रॅग. १८८९चा जन्म, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हाच सदुसष्टचा. तब्येत ढासळत गेली, संवाद लक्षात राहीनात, आणि जानेवारी १९६४ नंतर तो पडद्यावर दिसलाच नाही. शीर्षकात मात्र त्याचं नाव १९६५ पर्यंत दर आठवड्याला येत राहिलं. नाव आहे, माणूस नाही. कंटिन्युटीच्या कोणत्याही पुस्तकात ही ढळढळीत चूक. पण कॉलिन्स घरी बसून मालिका बघतो, हे गेल पॅट्रिकला माहीत होतं, आणि नाव गेलं की त्याचा धीर जाईल म्हणून तिनं ते ठेवलं. जुलै १९६५ मध्ये तो गेला. मी हे रकान्यात लिहिलं आणि शेरा कोरा ठेवला. सेटवर मला कोणी असं करायला सांगितलं तर मी आडवी जाणार नाही.

संध्याकाळी ७.३०
कुकर लावून परत टेबलाशी. एक रंगीत भाग राहिला होता: २७ फेब्रुवारी १९६६, 'ट्वाइस-टोल्ड ट्विस्ट'. अख्खी मालिका कृष्णधवल आणि मधेच हा एकच रंगीत. वाहिनीच्या प्रमुखाला मेसन रंगात कसा दिसतो ते बघायचं होतं म्हणे. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा कृष्णधवल. कंटिन्युटीचा यापेक्षा मोठा झटका कुठल्या मालिकेत असेल असं वाटत नाही, आणि तो वरून हुकूम आल्यामुळे बसलेला. मुलांना इथे हसू द्यायचं. वरून हुकूम येतो तेव्हा काय करायचं, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात समजेल.

रात्री ९
शेवटचा भाग, 'फायनल फेड-आउट'. खून टीव्ही मालिकेच्या सेटवर होतो. त्यामुळे कॅमेरे, दिवे, माइक, वायरी सगळं उघड दिसतं, आणि मालिकेचे खरे तंत्रज्ञच पडद्यावर वावरतात. जजच्या खुर्चीत खुद्द अर्ल स्टॅन्ली गार्डनर.

थोरला जेवून माझ्या मागे येऊन उभा राहिला. "आई, माइक दिसला! लिही."

"तो दिसायलाच ठेवलाय रे."

"मग कुठला दिसायला ठेवलाय आणि कुठला चुकून दिसला, ते कळणार कसं?"

प्रश्न बरोबर होता. भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला. शनिवारी मुलांना हाच देणार आहे: सेटवरचे सगळे माइक मोजा, आणि त्यातला कोणता कथेतला नाही ते शब्दासकट लिहून आणा.